धाब्यामागचं ‘बायो’ आणि पोलीस ठाण्यात उभी असलेली माझी गाडी

बारा_टायर | सोमवार, रात्री १०.४०
मंडळी, वर्षभर इथं नुसता वाचत असतो. लिहायची वेळ आली ती अशी.

माझ्या तीन गाड्या आहेत. दोन बारा टायर, एक जुनी दहा टायर. सोलापूर-हैदराबाद पक्कं, मधूनमधून पुणे. मागच्या आठवड्यात पहाटे साडेचारला नवी गाडी हायवेलगतच्या एका धाब्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये ‘बायो’ (बायोडिझेलच्या नावानं विकतात ते स्वस्त तेल) भरत उभी होती आणि पुरवठा खातं व पोलिसांचा छापा पडला. शेडवाला मागच्या बांधावरून पसार. हाती लागलं काय, तर दोन प्लास्टिकच्या टाक्या, एक मोटार, नोझल धरलेलं अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, माझा ड्रायव्हर आणि माझी गाडी. आज नववा दिवस. गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी आहे. वर बावीस टन माल होता, तो दुसऱ्या गाडीत पलटी करून द्यावा लागला, हमाली माझ्या अंगावर. हप्ता पाच तारखेला.

माझं म्हणणं एवढंच की मी तेल विकलेलं नाही. ड्रायव्हरनं मला न विचारता भरलं. ज्यानं शेड टाकलं तो मोकळा फिरतोय आणि माझी गाडी आत. आणि सोडवायला जायचं कुठं? ठाण्यात म्हणतात कोर्टात जा. कोर्टाच्या आवारात एकजण म्हणाला, कलेक्टर कचेरीत जा.

शेंगाचटणी | रात्री १०.५२
रुमाल टाकून ठेवतो. धागा लांबणार.

चिंचोळीकर | रात्री ११.०५
‘न विचारता’ म्हणे. कशाला बे? कुठल्या धाब्यामागं काय मिळतं हे अख्ख्या लाईनला पाठ आहे. मालकाला तेवढंच ठाऊक नसतंय होय?

पेट्रोल_पीडित | रात्री ११.२०
सरकारच ई२० (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पाजतंय आपल्याला, तिकडं कोण छापा टाकणार? माझ्या बाईकचं ॲव्हरेज पन्नासवरून

(प्रतिसाद संपादित. ई२० साठी वेगळा धागा आहे, तिकडं लिहा. – मंचाचा चालक)

तेरामैल | मंगळवार, सकाळी ७.१५
एक साधी शंका. मी विजापूर रोडला राहतो. माझा टेम्पो कायम भीमेचा पूल ओलांडून पलीकडं धूळखेडला डिझेल भरतो. तिकडं स्वस्त असायचं म्हणून. हेही ‘टॅक्स चुकवणं’ धरतात का? आता धागा वाचून पोटात गोळा आला.

जुना_निरीक्षक | सकाळी ९.३०
तेरामैल, निर्धास्त राहा. पलीकडच्या पंपावर तुम्ही कर्नाटकाचा विक्रीकर भरूनच डिझेल घेता. स्वतःच्या टाकीत घेऊन इकडं आलात तर त्यात काही गैर नाही. आणि आता ती मजाही फारशी उरली नाही. कर्नाटकानं डिझेलवरचा कर जून २०२४ मध्ये १४.३ वरून १८.४ टक्के केला आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७. आपल्याकडे २१ आहे. आता सोलापुरातून पुलापलीकडं जाण्यायेण्यात जळेल तेवढंच वाचेल.

बारा_टायर यांचं प्रकरण निराळं आहे. मी पुरवठा खात्यात तीस वर्षं काढली (कुठं ते विचारू नका, सोलापुरात नव्हे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल-पेट्रोल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचा उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. उलट बेस ऑइल, इंडस्ट्रियल ऑइल म्हणून जे टँकर येतात त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी, बिल ‘कारखान्यासाठी’ म्हणून फाडलेलं. कागदावर सगळं चोख असतं. ते तेल कारखान्यात न जाता धाब्यामागं उतरलं की मधला फरक म्हणजेच सगळा धंदा. आमच्या काळात हेच काम रॉकेल करायचं. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून निळं केलेलं असायचं, आणि तरी टँकरच्या टँकर डिझेलमध्ये जिरायचे. सबसिडी गेली तसं रॉकेल संपलं, मग ‘बायो’ आलं.

आता नावाची गंमत बघा. बायोडिझेल ही खरोखरची चीज आहे. वनस्पती तेल, वापरलेलं तळणाचं तेल किंवा प्राण्यांची चरबी यांपासून करतात. त्याला आयएस १५६०७ हे मानक आहे. केंद्रानं २०१९ मध्ये त्याच्या विक्रीचे नियम काढले, तेही डिझेलमध्ये मिसळण्यासाठी म्हणून. त्यासाठी नोंदणी लागते, परवाने लागतात. शेडमध्ये यातलं काहीच नसतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे घनता. खऱ्या बायोडिझेलची ८६० ते ९००, डिझेलची ८४५ च्या आत. शेडमधल्या ‘बायो’त हायड्रोमीटर सोडा आणि काटा ८२५-८३० ला थांबला, तर ते बायो नाही हे तिथंच कळतं. मग ते काय आहे, ते प्रयोगशाळा सांगते.

छापा पडतो तो जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ आणि त्याखालच्या २००५ च्या मोटार स्पिरिट व हायस्पीड डिझेल आदेशानुसार. शिक्षा तीन महिने ते सात वर्षं. आता माझा एक प्रश्न, खरं उत्तर द्या. ड्रायव्हरला डिझेलचे पैसे रोख देता, की फक्त पंपावरच चालणारं कार्ड दिलंय?

फिटर_नाना | सकाळी १०.०२
कायद्याचं राहू दे, गाडीचं बोला. नवी गाडी म्हणजे बीएस-सहा, धुराच्या नव्या नियमातली. डिझेलमध्ये गंधक १० पीपीएम धरून तिचा सायलेन्सर बनवलाय. त्यात हे असलं तेल ओतलं की आधी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो, मग लाईट लागते, मग गाडी चढाला दम टाकते. पंप आणि नोझल डिझेलच्याच वंगणावर चालतात. पातळ तेलाला वंगण नाही, आत धातू घासून चुरा होतो आणि तो चुरा सगळ्या नोझलांत फिरतो. एका खेपेला तीन-चार हजार वाचवायचे आणि वर्षाला लाखाचं काम काढायचं. माझं बरंय, धंदा चालतो.

बारा_टायर | दुपारी १.४४
निरीक्षकसाहेब, रोख देतो.

पान_सुपारी | दुपारी १.५०
रोख देतो म्हणाल्यावर बाकी काय लिहायचं राहिलं.

परदेशी_पाव्हणा | दुपारी ३.१०
मूळचा अशोक चौकातला, सध्या इंग्लंडात. इथली पद्धत सांगतो, गंमत वाटेल.

इथं शेतीसाठी वेगळं डिझेल मिळतं, लाल रंगाचं. इंजिनाला तेच चालतं, फरक फक्त कराचा. रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरला ५२.९५ पेन्स शुल्क, लाल डिझेलवर १०.१८. ट्रॅक्टरनं शेतात वापरा, मासेमारीच्या बोटीत वापरा, पण रस्त्यावरच्या ट्रकमध्ये वा मोटारीत दिसता कामा नये. पूर्वी बांधकामवाल्यांनाही मुभा होती, ती एप्रिल २०२२ पासून काढून घेतली.

आता इथली कारवाई. कस्टम-कराची माणसं रस्त्याकडेला, बाजाराच्या आवारात गाड्या थांबवतात आणि सरळ टाकीत नळी घालून तेल काढून बघतात. लाल दिसलं की संपलं. रंग उडवला असेल तर आत न दिसणारी खूणही असते, ती तपासणीत सापडते. गाडी जागेवर जप्त होऊ शकते, सोडवायला पैसे भरा, वर बुडवलेलं शुल्क वेगळं. शेडवाला कुठाय वगैरे प्रश्नच नाही. टाकी तुझी, तेल तुझं, पावती दाखव.

म्हणून चोरी थांबली का? छे. उत्तर आयर्लंडच्या सीमेवर लाल डिझेल (पलीकडं आयर्लंडात हिरवं) ॲसिडनं आणि ब्लीचिंगच्या मातीनं धुऊन रंग काढायचे कारखानेच चालायचे. उरलेला चिकट गाळ रात्री गल्लीबोळांत टाकून पळायचे. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून धुतली न जाणारी नवी खूण घातली, तेव्हा तो धंदा बराच बसला.

शेंगाचटणी | दुपारी ३.२५
म्हणजे शेतकऱ्याला वेगळं डिझेल! आमच्या मोहोळला हे आणलं तर उसाचे ट्रॅक्टर कमी आणि ‘शेतकरी’ ट्रक जास्त दिसतील.

जुना_निरीक्षक | दुपारी ४.४०
पाव्हणे, चांगली माहिती दिलीत. आपल्याकडे शेतीसाठी वेगळं डिझेल नाहीच. ट्रॅक्टरवाला आणि बारा टायरवाला एकाच नोझलनं भरतात, तोच कर देतात. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना सवलत आहे, पण ती परताव्यानं. आधी पूर्ण पैसे भरा, मग व्हॅट परत मिळेल. डिझेलमध्ये रंग नाही, म्हणजे टाकीत नळी घालून काही दिसणारही नाही. त्यामुळं आपली तपासणी सगळी विकणाऱ्याच्या दारात. पंपाची घनता बघा, नोंदवही बघा, पाच लिटरचं माप लावा. पण ज्याला पंपच नाही त्याची नोंदवही कुठली? तो शेड एका रात्रीत उभं करतो, एका रात्रीत उचलतो.

खुणेचा प्रयोग आपणही केला होता. २००६ मध्ये रॉकेलमध्ये न दिसणारा मार्कर घालायला सुरुवात झाली. पंपावरच्या डिझेलमध्ये तो सापडला की भेसळ सिद्ध. दोनेक वर्षांत गुंडाळलं, कारण मार्कर काढून टाकता येतो अशी ओरड झाली. मग २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ काय झालं ते वयस्क मंडळींना आठवत असेल. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे रस्त्यानं जाताना एका धाब्यापाशी टँकर उभे दिसले म्हणून थांबले, मोबाईलवर चित्रण करायला लागले आणि त्यांना तिथंच रॉकेल ओतून जाळलं. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. त्या आठवड्यात आमच्याकडं रोज छापे होते. महिनाभरानं पुन्हा जैसे थे.

मी त्यानंतर कुठल्याही धाब्यामागं एकटा गेलो नाही, हे इथं प्रामाणिकपणे लिहितो. ‘छापे का पडत नाहीत’ असं विचारणाऱ्यांनी रात्री दोन वाजता, एक ड्रायव्हर आणि एक शिपाई घेऊन, त्या शेडपर्यंत चालत जाऊन बघावं.

चिंचोळीकर | संध्याकाळी ६.०८
हे ठाऊक नव्हतं. म्हणजे बातमी ठाऊक होती, पण ते रस्त्यानं जाताना थांबले होते हे नव्हतं.

काळा_कोट | रात्री ९.१५
आता बारा_टायर यांच्या मूळ प्रश्नाकडं. (हा सल्ला नाही, सल्ल्याला कागद घेऊन वकिलाकडं जा.)

कोर्ट की कलेक्टर? जप्ती जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली असेल आणि कलम ६-अ प्रमाणे सरकारजमा करायची कार्यवाही सुरू असेल, तर ६-ई नुसार गाडीच्या ताब्याबद्दल आदेश द्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, कोर्टाचा नाही. एरवी गाडी सोडवायला आपण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ किंवा ५०३ खाली कोर्टात अर्ज करतो, तो इथं अडतो. म्हणून आधी एफआयआरची आणि पंचनाम्याची नक्कल घ्या आणि कलमं बघा.

‘ड्रायव्हरनं मला न विचारता केलं’ या बचावाचं सांगतो. तो बचाव कायद्यात आहे, कलम ६-ब (२). पण नीट वाचा. मालकाला ठाऊक नव्हतं एवढं पुरत नाही. मालकाला, त्याच्या एजंटाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तिघांनीही योग्य ती काळजी घेतली होती, हे दाखवावं लागतं. गाडी ताब्यात कुणाच्या होती? ड्रायव्हरच्या. म्हणजे त्याच्या डोक्यावर खापर फोडलंत की तुमचाच बचाव फुटतो. वर रोख पैसे दिल्याचं तुम्ही इथं लिहून बसलात.

आता तुमच्या बाजूचं. कायदा म्हणतो, माल ‘वाहून नेण्यासाठी’ वापरलेलं वाहन. तुमची गाडी सिमेंट, साखर जे काय असेल ते वाहत होती. तेल तिच्या स्वतःच्या टाकीत, जाळायला. स्वतःच्या पोटातलं अन्न माणूस वाहून नेतो का? हा मुद्दा लेखी मांडा. दुसरं, नोटीस न देता आणि म्हणणं न ऐकता गाडी सरकारजमा करता येत नाही. तिसरं, भाड्यानं चालणारी गाडी असेल तर जप्तीऐवजी दंड भरायचा पर्याय मालकाला द्यावाच लागतो, आणि तो दंड जप्त वस्तूच्या त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा जास्त असू शकत नाही. पस्तीस लाखाच्या गाडीऐवजी तीनशे लिटर तेलाची किंमत. हे बरेच जण मागतच नाहीत, कारण कुणी सांगत नाही.

पान_सुपारी | रात्री ९.३१
पोटातलं अन्न 😄 वकीलसाहेब, फी किती?

एसटीचा_पोरगा | रात्री १०.२०
एक आठवण. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागं २५ रुपयांनी महागलं होतं, किरकोळ पंपावर मात्र जुनाच भाव. तेव्हा एसटीच्या गाड्याही बाहेरच्या पंपावर रांगेत उभ्या होत्या. वडील ड्रायव्हर होते. म्हणायचे, तीस वर्षांत पहिल्यांदा पंपावर पावती घेतली. भाव वाकडा झाला की सरकारी महामंडळसुद्धा वाट बदलतं. फरक इतकाच की त्यांना बदलायला कायदेशीर वाट होती.

बारा_टायर | बुधवार, पहाटे ५.५५
झोप लागली नाही म्हणून लिहितो.

मला ठाऊक होतं. ड्रायव्हरनं दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सांगितलं, ‘मालक, लिटरमागं चौदा-पंधरा सुटतात, निम्मे तुम्हाला.’ मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. रोख द्यायला लागलो. हैदराबादच्या भाड्यात काय उरतं ते या लाईनमधल्यांना ठाऊक आहे. टोल, गाडीत घालायचा युरिया, टायर, परतीचं भाडं मिळेल न मिळेल. समोरचा बायो भरून दोन हजार कमी भाव सांगतो आणि माल त्याला मिळतो. पंपावर भरणारा माणूस या लाईनला वेडा ठरतो. ही सबब म्हणून सांगत नाही. पण परवा ठाण्यात ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्यासमोर साहेबांना म्हणत होतो की यानं मला न विचारता केलं. ते काही डोक्यातून जात नाही.

चिंचोळीकर | सकाळी ७.४०
माझा पहिला प्रतिसाद जरा तिखट होता. राहू दे.

तेरामैल | सकाळी ८.०५
ड्रायव्हर सुटला का?

बारा_टायर | सकाळी ८.३०
जामीन झाला. जामीनदार मीच राहिलो.

जुना_निरीक्षक | सकाळी ९.१०
बारा_टायर, आता एक काम करा. शेडवाल्याला पैसे कसे दिलेत? एखादवेळी ड्रायव्हरनं मोबाईलवरून दिले असतील तर ती नोंद असते. तेल कुठल्या टँकरनं येत होतं, कुठल्या दिवशी उतरायचं, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. ते जबाबात यायला हवं. आमची बहुतेक प्रकरणं नोझल धरणाऱ्या पोरापाशीच थांबायची, कारण ग्राहक तोंड उघडत नाही. ज्याच्या नावानं टँकरचं बिल फाटलं, तिथपर्यंत कागद गेला तरच त्या छाप्याला अर्थ. टँकरचं बिल असतं, टोलनाक्याची नोंद असते, मागं जाता येतं. आळस नसला तर.

काळा_कोट | सकाळी ९.४४
जबाब देण्याआधी माझ्यासारख्या कुणाशी तरी बोला, एवढंच. ड्रायव्हरला वेगळा वकील द्या. तुमचं आणि त्याचं हित आता एक नाही.

(पुढचे काही प्रतिसाद विषयाला सोडून असल्यानं हलवले आहेत. – चालक)

बारा_टायर | साधारण दीड महिन्यानं
बऱ्याच जणांनी खरडवहीत विचारलं म्हणून.

नोटीस आली, लेखी म्हणणं दिलं. वकीलसाहेबांचा पोटातल्या अन्नाचा मुद्दा आमच्या वकिलांनी बऱ्या भाषेत घातला. दंडाचा पर्यायही मागितला. अंतिम आदेश व्हायचाय, पण तोवर गाडी हमीपत्रावर सोडली. ड्रायव्हरनं जबाबात टँकरचे वार सांगितले, पैसे दिल्याच्या मोबाईलवरच्या दोन नोंदीही निघाल्या. पुढं काय झालं ते मला कुणी सांगत नाही. ड्रायव्हर माझ्याकडंच आहे, तिन्ही गाड्यांना पंपाची कार्डं केली. महिन्याला दोन भाडी हातची गेली ती गेली.

काल त्या धाब्यावरून आलो. शेड नाही. जागेवर हिरवं नेट मारलंय, आत काय आहे दिसत नाही.

नाना, गाडी दोन महिने उभी होती, बॅटरी गेलीय. टाकीत ते तेल अजून तसंच आहे, नमुन्यापुरतंच काढलं होतं. चालू न करता ओढून आणू का?

फिटर_नाना
ते तेल आधी ठाण्यात विचारून काढ, मुद्देमाल असेल तर उगाच हात लावू नकोस. लेखी मिळालं की चावी न फिरवता ओढून आण. टाकी उतरवून धुवायची, दोन्ही फिल्टर नवे, मगच इंजिनाला हात. सकाळी नऊच्या आत ये, नंतर उसाचे ट्रॅक्टर लागतात दारात.